रेडिओवर बातम्यांसाठी राग मध्येच तोडतात तेव्हा तुम्ही काय करता?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, पण काल संध्याकाळी जे झालं त्यानंतर राहवलं नाही म्हणून हा धागा काढतेय.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय वर्षं ८६. काचबिंदूमुळे आता जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवसभर सोबत म्हणजे रेडिओ. स्टेशन लावायची जी चकती असते ना, तिच्यावर मी फेविकॉलने तांदळाचा एक दाणा चिकटवलाय आणि रेडिओच्या अंगावर त्याच्या बरोबर समोर दुसरा. दोन दाणे बोटाला समोरासमोर लागले की केंद्र लागलं. हे त्यांचं त्यांना जमतं, कुणाला हाक मारावी लागत नाही, याचा त्यांना फार अभिमान आहे.

तर काल साडेसहाच्या सुमारास गायन लागलं. सुरुवातीचं निवेदन आमचं हुकलं, मी कुकर लावत होते. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली मोठी चीज, एकदम तब्येतीत चाललेली. नाना खुर्चीत ताठ बसले, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत. वीसेक मिनिटं झाली असतील, गवई अंतऱ्यात, म्हणजे चीजेच्या दुसऱ्या भागात, वर चढत चाललेला, आता तार षड्ज, वरचा सा, लागणार लागणार आणि तिथेच आवाज बारीक बारीक होत गेला, मग एक जिंगल, मग बातम्या. नानांनी समेसाठी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसाठी, उचललेला हात तसाच हवेत. बातम्या संपल्यावर वेगळाच कार्यक्रम सुरू. कोण गात होतं, राग कुठला, तबल्यावर कोण, काही सांगितलं नाही.

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण काढायचं नाहीये. पण हे असंच चालतं का सगळीकडे? आणि दुसरं म्हणजे राग कुठला होता ते कुणी सांगू शकेल का? पंचम नव्हता, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, मुखड्यात, म्हणजे चीजेच्या सुरुवातीला, ‘पिया’ एवढंच ऐकू आलं. नाना म्हणतात मारवा. माझा भाऊ मुंबईहून फोनवर ऐकत होता तो म्हणतो पूरिया. काल रात्रीपासून दोघांचं यावरून चाललंय.

चहाबाज
समेसाठी उचललेला हात! वाचूनच कसंतरी झालं. आमच्याकडे गेल्या महिन्यात भीमपलासीच्या द्रुतमध्ये तान चालू असताना मच्छरदाणी वापरा म्हणून सांगितलं होतं. संदेश चांगलाच आहे हो, पण तान संपू द्या की.

मंद्रनिषाद
ताई, अंतऱ्यापर्यंत गेला होता म्हणजे नानांना पुरेसं ऐकायला मिळालंय. मारवा आणि पूरियात स्वर तेच, सोहनीतसुद्धा तेच. फरक कुठे थांबतो त्यात. मारव्यात रिषभ आणि धैवतावर जीव, षड्ज सारखा टाळलेला, ऐकणाऱ्याला घरी पोचल्यासारखं वाटतच नाही. पूरियात गंधार आणि खालचा निषाद, सगळं खाली मंद्रात घोळवत राहतात. सोहनी वरच्या अंगात आणि ती रात्रीच्या शेवटच्या प्रहराची, तेव्हा ती बाद. आता नानांना विचारा गवई कुठे विसावत होता.

सांगलीकर७२
जरा दुसरी बाजू पण बघा. २०१९ च्या ऑगस्टात आमच्याकडं पाणी शिरलं तेव्हा लाईट गेलेली, मोबाईल बंद, वरच्या मजल्यावर आम्ही अकरा माणसं आणि एक सेलवरचा रेडिओ. धरणातून किती पाणी सोडलं, पूल कुठला बंद झाला, ते सगळं त्या बातम्यांतनं कळायचं. त्यावेळी कुठला राग तुटला आणि कुठला जुळला ह्याचं कुणाला काही नव्हतं. बातम्या वेळेवर लागल्याच पाहिजेत ह्यावर मी ठाम आहे. आणि हो, मी पण गाणं ऐकणारा माणूस आहे, मिरजेच्या उरुसातलं गाणं माझं लहानपणापासून एकदाही चुकलेलं नाही.

कोयनाकाठ
@सांगलीकर७२ दादा, बातम्या नकोत असं मी म्हणतच नाहीये. बातम्या ठरलेल्या वेळीच लागतात ना, मग ती वेळ गाणं लावणाऱ्याला आधीपासून माहीत असते. पूर सांगून येत नाही, संध्याकाळच्या बातम्या रोज सांगून येतात.

सांगलीकर७२
हे मात्र बरोबर बोललात. पटलं.

जुना_उद्घोषक
मी एका केंद्रावर चौदा वर्षं नैमित्तिक उद्घोषक होतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

स्टुडिओत जे रेकॉर्डिंग होतं ते स्लॉटच्या मापानेच होतं. कलाकाराला आधीच माहीत असतं की अर्धा तास आहे, तो त्या हिशेबाने आलाप आटोपता घेतो, द्रुतला, म्हणजे शेवटच्या जलद भागाला, वेळ राखतो. तिथे सहसा तुटत नाही. घोटाळा होतो तो मैफलीचं रेकॉर्डिंग लावतात तेव्हा. सत्तर मिनिटांचा ख्याल आणि स्लॉट तीस मिनिटांचा. बातम्या दुसऱ्या ठिकाणाहून येतात, त्या कुणासाठी थांबत नाहीत, आणि घड्याळाचा काटा तिथे आला की फेडर, म्हणजे आवाजाची कळ, खाली आणावाच लागतो.

पण कुठे आणायचा हे उद्घोषकाच्या हातात असतं. आमच्या वेळी ज्येष्ठ लोकांनी लावलेली सवय अशी की मोठं रेकॉर्डिंग असेल तर ड्युटीच्या आधी येऊन ते ऐकायचं आणि क्यू शीटच्या, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम लिहिलेल्या कागदाच्या, मागे पेन्सिलीने लिहायचं, २३ मिनिटं १० सेकंदांना अंतरा संपून मुखडा, समेवर सोडणे. मग उरलेल्या वेळात शांतपणे सांगायचं, आत्ता आपण अमुक यांचं गायन ऐकलंत, राग अमुक, तबल्यावर अमुक, हार्मोनियमवर अमुक. तरीही दोन मिनिटं राहिली तर सतारीचा किंवा बासरीचा फिलर. ह्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. कान लागतो आणि वीस मिनिटं लवकर यावं लागतं.

कालच्या प्रसंगात ते वीस मिनिटं लवकर येणं झालेलं दिसत नाही. पण एक लक्षात घ्या, आता बऱ्याच ठिकाणी एका माणसावर तीन माणसांचं काम असतं. त्या पोरीला किंवा पोराला थेट नावं ठेवू नका.

विलंबित
@जुना_उद्घोषक काका, पेन्सिलीची गोष्ट फार आवडली.

मला नेहमी वाटतं की वेळ कमी असणं हा मुद्दाच नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका, तेवढ्यात राग उभा करून, आपल्यासमोर ठेवून, नमस्कार करून जातात. कुठेही कापल्यासारखं वाटत नाही कारण गाणाऱ्याने ते तीन मिनिटांसाठीच रचलेलं असतं. उलट तासाभराचा विस्तार मनात धरून गाणाऱ्याची पहिली तीस मिनिटं म्हणजे नुसती मांडामांड असते. पंगत बसली, पानं मांडली, मीठ-लिंबू वाढून झालं आणि उठा म्हणाले, तसं.

म्हणून माझं म्हणणं, लहान स्लॉटला लहान रेकॉर्डिंग लावा. जुन्या तबकड्या आहेत, पंधरा-वीस मिनिटांच्या एलपीच्या बाजू आहेत. साठा काही कमी नाही.

अनामिका_दादर
मला मात्र मध्ये मध्ये बोलतात त्याचा त्रास जास्त होतो. आलाप सुरू झालाय आणि वरून निवेदिकेचा आवाज, “श्रोते हो, या रागाचा थाट…” अहो, आधी सांगा नाहीतर नंतर सांगा. तानपुरा म्हणजे काही पार्श्वसंगीत नाही.

रेवा_रियाज
मी २३ वर्षांची आहे आणि मला ते बोलणं हवं असतं. घरी कुणीच गात नाही, क्लास लावायला उशीर झाला, मला वादी-संवादी, म्हणजे रागातले मुख्य स्वर, कोण सांगणार? विविध भारतीवरच्या ‘संगीत सरिता’ मधून मी किती शिकले, पंधरा मिनिटांचा कार्यक्रम पण राग, त्यातली एखादी बंदिश आणि मग त्याच रागातलं सिनेमातलं गाणं. मारवा-पूरियाचं जे मंद्रनिषाद यांनी वर लिहिलंय ना, तसं कुणी रेडिओवर दोन मिनिटं समजावलं तर मी तरी कान टवकारून ऐकेन. फक्त आलापावर बोलू नये, हे अनामिकाताईंचं मान्य.

आणि एक विनंती, निवेदन जरा साध्या मराठीत करा. “प्रस्तुत गायनाचे रसग्रहण” वगैरे ऐकलं की मला शाळेचा पेपर आठवतो.

अनामिका_दादर
@रेवा_रियाज सुरुवातीला दोन मिनिटं असेल तर माझीही काही हरकत नाही गं. आणि तू रियाज करत राहा, उशीर वगैरे काही नसतं.

सनीवेलचा_आप्पा
इथे कॅलिफोर्नियात वेगळीच गंमत. मी ॲपवर तिकडचं लाईव्ह ऐकतो. उन्हाळ्यात माझे सकाळचे साडेसहा म्हणजे तुमचे संध्याकाळचे सात. त्यामुळे मी रोज सूर्य उगवताना संध्याकाळचे मारवा, यमन ऐकतो आणि दिवेलागणीला सकाळचा तोडी. पहिली दोन वर्षं फार विचित्र वाटायचं. आता अशी परिस्थिती आहे की सुट्टीत पुण्याला आलो आणि संध्याकाळी कुणी यमन लावला की मला सकाळच्या चहाची तल्लफ येते.

तोडण्याबद्दल म्हणाल तर ते इथेही आहे. वेस्टर्न क्लासिकलच्या काही स्टेशनांवर चार भागांची सिम्फनी असेल तर त्यातला लोकांना आवडणारा एकच भाग लावतात आणि लगेच पुढे. आणि देणगी मागायचे आठवडे असतात तेव्हा तर निम्मा वेळ बोलणंच. पण एक शिकण्यासारखं आहे, आत्ता काय वाजतंय, कोण वाजवतंय याची यादी वेबसाईटवर मिनिटागणिक टाकलेली असते. निवेदन हुकलं तरी शोधता येतं.

लंडनची_वहिनी
आप्पांना अनुमोदन. इकडे बीबीसी रेडिओ ३ वर जाहिराती नाहीत आणि मोठ्या रचना पूर्ण लावतात. १९९२ पासून क्लासिक एफएम आहे, ते जाहिरातींवर चालतं, तिथे छोटे छोटे तुकडे जास्त. माझ्या सासूबाईंना तुकडेवालंच आवडतं, स्वयंपाक करता करता ऐकायला बरं म्हणतात. दोन्ही प्रकारचे श्रोते असतात, दोघांनाही जागा हवी. पण आपल्या रागाचे तुकडे करता येतात का हा प्रश्न आहेच.

मंद्रनिषाद
नाही येत. सिम्फनीचा एक भाग निदान स्वतंत्र संपतो तरी. विलंबित ख्यालाचा मधला तुकडा उचलला तर तो कुठून आला आणि कुठे चालला होता काही कळत नाही.

खटाववाला
कुणाला वर्ल्डस्पेस, तो उपग्रहावरून येणारा रेडिओ, आठवतंय का? तो गोल-चौकोनी रेडिओ आणि खिडकीत ठेवायची अँटेना? वर्षाचे पैसे भरायचे आणि गंधर्व नावाचं चॅनल, चोवीस तास हिंदुस्थानी संगीत. आमच्या फ्लॅटची एकच खिडकी आग्नेयेकडे, म्हणजे उपग्रहाच्या दिशेला, होती, ती नेमकी मोरीची. त्यामुळे दोन वर्षं आमची अँटेना मोरीच्या खिडकीत आणि वायर पॅसेजमधून हॉलपर्यंत. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. त्या दिवशी आई शेवटपर्यंत ऐकत बसली होती.

चहाबाज
@खटाववाला आठवतंय म्हणजे काय! आमच्याकडे अजून आहे तो सेट माळ्यावर. टाकवत नाही.

सांगलीकर७२
अवांतर, पण रेडिओनं आपल्या गाण्यावर किती राज्य केलंय बघा. १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली होती, का तर त्या पेटीतनं श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, निघत नाहीत, एका स्वरावरनं दुसऱ्यावर सरकत जाणारी मिंड निघत नाही. ती सत्तरच्या दशकात उठली. तीसेक वर्षं! आमचे गुरुजी पेटीवाले, ते सांगायचे की गाण्याला सारंगी बसायची आणि पेटीवाले बाहेरच्या बाकावर. म्हणजे रेडिओनं काय लावायचं, काय नाही, हा वाद काही आजचा नाही.

रेवा_रियाज
हे मला माहीतच नव्हतं! आणि आता तर पेटीशिवाय मैफल होत नाही.

जुना_उद्घोषक
@सांगलीकर७२ बरोबर. पण त्याच रेडिओने १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, रात्री दीड तास एकच कलाकार. खेड्यापाड्यातल्या माणसाला, ज्याला मैफलीचं तिकीट परवडणार नाही, त्याला घोंगडीवर पडून मोठमोठे गवई ऐकायला मिळाले. माझ्या गावात ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती चार-पाच म्हातारे बसायचे, त्यातल्या एकालाही राग ओळखता येत नव्हता, पण कधी दाद द्यायची ते बरोबर कळायचं.

तिहाई
मूळ प्रश्नाला धरून थोडं वेगळं. आकाशवाणीची रागम ही वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून आहे, चोवीस तास शास्त्रीय संगीत, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. ॲपवर फुकट. नानांना तीच का लावून देत नाही? एक ब्लूटूथ स्पीकर घ्या, हजार-बाराशेत मिळतो.

कोयनाकाठ
@तिहाई सुचवणीबद्दल आभार. लावून दिलं होतं, चांगलं ऐकू येतं. पण फोनच्या काचेवर त्यांना काही हाताला लागत नाही हो. बंद पडलं की मला हाक, आवाज वाढवायचा तर मला हाक, मध्ये कुणाचा फोन आला की गाणं बंद. दोन दिवसांनी म्हणाले, मला माझा दाण्यांचा रेडिओ दे. ते त्यांचं राज्य आहे.

विलंबित
मला एक मुद्दा मांडायचाय जो इथे अजून आला नाही. रात्रीचा.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावरच्या मैफली रात्री दहाला थांबतात, ठरावीक दिवशी बाराची सवलत मिळते. पूर्वी पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, पहाटे पहाटे मोठ्या कलाकारांचं गाणं व्हायचं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, शेजारी आजारी माणूस असेल तर त्याने काय करावं. पण त्याचा परिणाम असा झाला की दरबारी, मालकंस ऐन मध्यरात्री किंवा ललित उजाडायच्या आधी, समोर बसून ऐकणं जवळपास संपलं. आजच्या पंचविशीतल्या मुलांनी पहाटे चारचा ललित पहाटे चारला कधी ऐकलाच नसेल.

आता ही वेळ फक्त रेडिओकडे उरलीय. रात्री साडेअकराला कुठली जिंगल, कुठला बाजारभाव, कुणाला घाई आहे? तिथे एक पूर्ण दरबारी लावा, न तोडता. ज्याला ऐकायचाय तो जागा राहील.

रेवा_रियाज
खरंच नाही ऐकलेला. मालकंस मी दुपारी दोनला यूट्यूबवर ऐकते, लोकलमध्ये.

मंद्रनिषाद
@विलंबित शंभर टक्के. मी नाईट शिफ्टला होतो तेव्हा कंट्रोल रूममध्ये बारीक आवाजात रेडिओ असायचा. मध्यरात्रीचा दरबारीतला आंदोलित गंधार आणि बाहेर मशीनचा घरघराट. त्या गंधाराने पुढची सगळी शिफ्ट निघायची.

अनामिका_दादर
आता आपण सगळे इथे एवढं बोलतोय तर कुणी केंद्राला पत्र टाकणार आहे का? पूर्वी श्रोत्यांची पत्रं वाचायचे आणि उत्तरंही द्यायचे. माझ्या पोस्टकार्डाला उत्तर आलं होतं १९८७ मध्ये, अजून ठेवलंय.

जुना_उद्घोषक
टाका, नक्की टाका. आतल्या माणसालाही पत्राचा आधार होतो, तो वरिष्ठांपुढे ठेवू शकतो की बघा, लोक ऐकताहेत. फक्त ‘तुमचा कारभार ढिसाळ आहे’ असं लिहू नका. तारीख, वेळ, काय झालं आणि काय हवंय एवढं लिहा. नेमकं मागितलेलं देता येतं.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी दोन कामं केली.

पहिलं, मंद्रनिषाद म्हणाले तसं नानांना विचारलं, तो कुठे विसावत होता. ते म्हणाले, विचारतेस काय, गाऊनच दाखवतो. मी पेटी काढली, बऱ्याच वर्षांनी, एक पट्टी अडकत होती ती पुसून घेतली. नाना हळूहळू गुणगुणायला लागले, आवाज कापतो आता, पण स्वराला सुटत नाहीत. मी मागोमाग पट्ट्या शोधत गेले. परत परत गंधारावर येत होते आणि तिथून खाली, मंद्र निषादावर जाऊन थांबत होते. रिषभावर एकदाही थांबले नाहीत. चार वेळा करून घेतलं, चारही वेळा तेच. मग स्वतःच म्हणाले, “अगं, हा पूरिया की!” भावाला लगेच फोन लावायला लावला आणि तू बरोबर होतास म्हणून सांगितलं.

दुसरं, पत्र लिहिलंय. तारीख, वेळ, अंतऱ्यात कुठे तुटलं ते, आणि तीन मागण्या. ठरलेल्या बातम्यांच्या आधी बसेल एवढंच रेकॉर्डिंग लावा किंवा समेवर सोडा, संपल्यावर कलाकार आणि राग सांगा, आठवड्यातून एक रात्र पूर्ण राग. तिसरी विलंबित यांची, त्यांना न विचारता घेतली.

मंद्रनिषाद
वा! नानांना माझा नमस्कार सांगा. मग ‘पिया’ म्हणजे ‘पिया गुणवंता’ असणार, पूरियातला प्रसिद्ध बडा ख्याल आहे. मारव्यातला जो नेहमी ऐकू येतो तो ‘पिया मोरे अनत देस’. दोन्हींची सुरुवात पियापासूनच, म्हणून नानांचा गोंधळ झाला असेल, त्यात त्यांची काही चूक नाही.

विलंबित
न विचारता घेतलीत ते उत्तमच केलंत. माझंही नाव खाली घाला सहीला.

सांगलीकर७२
माझं पण. बातम्यांबद्दल काही वाईट लिहू नका एवढंच.

कोयनाकाठ
नाही लिहिलंय दादा. नानांना ‘गुणवंता’ म्हणून वाचून दाखवलं तर लगेच मान डोलावली, तोच शब्द होता म्हणाले. पत्र पूर्ण वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी शेवटी एक ओळ घालायला लावली, ती तशीच घातली आहे, “त्या दिवशी तबल्यावर ठेका फार सुंदर धरला होता, साथ कोणाची होती ते कृपया कळवावे.” उद्या सकाळी पोस्टात टाकतेय.

अनामिका_दादर
उत्तर आलं की इथे लिही गं. पोस्टकार्ड जोडून ठेव म्हणजे त्यांना पाठवायला सोपं जाईल.